पांढरपेशांची संघटना आणि बीट्रिस वेब

शिक्षक, प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनीअर यांच्या संघटनांची नावे पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. ‘युनियन’ हा शब्द या मंडळींना फारसा मानवत नाही. संघ, परिषद, मंडळ, महासंघ, असोसिएशन असे पर्याय पसंत केले जातात. गिरणी कामगाराला किंवा गोदी कामगाराला ज्या शब्दाचा कधी संकोच वाटला नाही, तो उच्चारताना पांढरपेशा नोकरदार थोडा अडखळतो. या अडखळण्यात प्रतिष्ठेचा भाग आहे हे खरे. परंतु त्यामागे एक खराखुरा पेचही आहे. संघटना केवळ पगारवाढीसाठी असेल, तर ती इतर कामगारांच्या युनियनहून निराळी कशी? आणि ती व्यवसायाच्या दर्जासाठी असेल, तर मोर्चे, काळ्या फिती आणि संप कशासाठी? समाज हा प्रश्न दरवेळी विचारतो, आणि संपावर गेलेला शिक्षक वा तंत्रज्ञ त्याचे उत्तर बहुधा चाचरत देतो.

हा प्रश्न घोषणाबाजीच्या बाहेर काढून संशोधनाचा विषय म्हणून प्रथम ज्यांनी हाती घेतला, त्यांत बीट्रिस वेब यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सिडने वेब यांच्या सहधर्मचारिणी, फेबियन समाजवादाच्या एक आधारस्तंभ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक, एवढा त्यांचा परिचय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला असतो. शिक्षकांच्या आणि इतर बुद्धिजीवी व्यावसायिकांच्या संघटनांवर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात केलेले काम मात्र बरेचसे विस्मृतीत गेले आहे.

बीट्रिस पॉटर यांचा जन्म २२ जानेवारी १८५८ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात स्टँडिश हाऊस या वाड्यात झाला. घर गर्भश्रीमंत. वडील रिचर्ड पॉटर हे इमारती लाकडाचे व्यापारी आणि रेल्वे कंपन्यांचे सूत्रधार; ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. नऊ मुलींत बीट्रिस आठव्या. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. वडिलांचे ग्रंथालय आणि घरी वरचेवर येणारे तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर हेच त्यांचे गुरू. स्पेन्सर व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते, सरकारी हस्तक्षेपाचे कट्टर वैरी. शिष्येने पुढे नेमकी उलट दिशा धरली, परंतु सामाजिक घटनांकडे जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांनीच लावलेली होती. राजकारणी जोसेफ चेंबरलेन यांच्याविषयी तरुणपणी त्यांच्या मनात निर्माण झालेल्या ओढीची आणि तिच्या शोकांतिकेची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. येथे तिचे महत्त्व इतकेच की, त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी कामाचा आश्रय घेतला.

१८८३ मध्ये त्या लँकेशरमधील बेकप या कापडगिरण्यांच्या गावी आपल्या आईकडील दूरच्या आप्तांकडे गेल्या, आणि त्याही स्वतःचे नाव लपवून, वेल्समधल्या शेतकऱ्याची मुलगी म्हणून. गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत त्यांना जे दिसले ते त्यांनी वाचलेल्या अर्थशास्त्रात नव्हते. सहकारी भांडार, चर्चमंडळ आणि युनियन यांच्या बळावर त्या साध्या माणसांनी आपले सामाजिक जीवन स्वतःच चालविले होते. पुढे लंडनच्या पूर्वभागात गरिबांसाठी बांधलेल्या एका चाळीची भाडेवसुली आणि व्यवस्था त्यांनी पाहिली. आतेबहिणीचे यजमान चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची जी विख्यात पाहणी आरंभिली होती, तीत त्यांनी गोदी कामगार आणि शिवणकामाचे धंदे यांचा अभ्यास केला. १८८८ मध्ये तर पाटलोणी शिवणारी कारागीर म्हणून त्या स्वतः कारखान्यांत कामाला राहिल्या. सुई हातात नीट बसत नव्हती. परंतु डोळे उघडे होते.

या शिवणकामाच्या पाहणीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या पुढील साऱ्या विचारांचा पाया ठरला. अल्प मजुरी, अमर्याद तास आणि कोंदट खोल्या यांचे खापर त्या काळी मधल्या दलालावर, परदेशातून आलेल्या ज्यू कारागिरांवर किंवा शिवणयंत्रावर फोडले जात असे. बीट्रिसबाईंनी दाखवून दिले की दलाल नसलेल्या धंद्यांतही हीच अवस्था आहे. दुर्दशेचे मूळ कोणा एका खलपुरुषात नाही. जेथे कामगारांची संघटना नाही आणि कायद्याचे बंधनही नाही, तेथे मालक कितीही सज्जन असो, स्पर्धा त्याला खाली ओढतच राहते. व्यक्तीच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा सर्वांना लागू पडणारा नियम हवा, ही त्यांची शिकवण येथून सुरू झाली.

१८९० च्या आरंभी सहकारी चळवळीच्या इतिहासाची सामग्री जमविताना त्यांची सिडने वेब यांच्याशी गाठ पडली. सिडने हे लंडनमधल्या कनिष्ठ मध्यमवर्गातले. आईचे केशभूषेचे दुकान होते. सरकारी परीक्षा एकामागून एक उत्तीर्ण होत ते वसाहत खात्यात कारकुनीच्या वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचले होते. ठेंगणा बांधा, अनाकर्षक चेहरा आणि अफाट स्मरणशक्ती असलेला हा कारकून लक्षाधीशाच्या मुलीला शोभणारा वर नव्हता. वाङ्‌निश्चय झाला तो आजारी वडिलांच्या डोळ्यांआड. १८९२ च्या पहिल्याच दिवशी वडील वारले, आणि त्याच वर्षी २३ जुलै रोजी विवाह झाला. स्पेन्सर यांनी मात्र एका समाजवाद्याच्या पत्नीला आपल्या साहित्याची व्यवस्थापक नेमण्याचा बेत रद्द केला. वडिलांच्या संपत्तीतून बीट्रिसबाईंना वर्षाला एक हजार पौंडांचे उत्पन्न मिळत असे. त्याच्या आधारावर सिडनेंनी नोकरी सोडली होती. त्या काळी कारकुनाला नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य पत्नीच्या मिळकतीमुळेच लाभू शकत होते, ही गोष्ट वेब दांपत्य कधी विसरले नाही, आणि हे उत्पन्न म्हणजे आपल्याकडून समाजाला देणे आहे असेच ते मानीत आले.

मधुचंद्राचा काही काळही डब्लिन आणि ग्लासगो येथील युनियनांची दप्तरे चाळण्यात गेला. दोघांची कार्यपद्धती पुढे प्रसिद्ध झाली. एका कागदावर एकच घटना, तिची तारीख आणि स्थळ टिपायचे. मग हे सुटे कागद निरनिराळ्या क्रमाने लावून पाहायचे. अशा हजारो कागदांतून १८९४ मध्ये ‘ट्रेड युनियन चळवळीचा इतिहास’ आणि १८९७ मध्ये ‘औद्योगिक लोकशाही’ हे ग्रंथ उभे राहिले. मालक आणि संघटित कामगार यांच्यातील वाटाघाटींसाठी आज सर्रास वापरला जाणारा ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’ हा शब्दप्रयोग १८९१ च्या सुमारास बीट्रिसबाईंनीच रूढ केला. दुसऱ्या ग्रंथाचे रशियन भाषांतर सैबेरियातील हद्दपारीत लेनिन यांनी आपल्या पत्नीच्या साहाय्याने केले, हा इतिहासातला एक विलक्षण योगायोग आहे. त्याचा संदर्भ पुढे यावयाचा आहे.

‘औद्योगिक लोकशाही’मध्ये युनियनांच्या साधनांची जी चिकित्सा आहे, तीत एक भेद विशेष मोलाचा आहे. आपली स्थिती सुधारण्याचे दोन मार्ग संघटनेपुढे असतात. पहिला मार्ग संख्या मर्यादित ठेवण्याचा. उमेदवारांची संख्या आवळावी, प्रवेशशुल्क वाढवावे, बाहेरच्याला धंद्यात शिरू देऊ नये. माणसे थोडी राहिली की भाव आपोआप चढतो. मध्ययुगीन कारागीर-श्रेणी याच मार्गाने गेल्या. दुसरा मार्ग समान नियमाचा. धंद्यात कोणीही यावे, परंतु अमुक वेतनाखाली, अमुक तासांपलीकडे आणि अमुक दर्जाखाली कोणीही काम करू नये. वेब दांपत्याच्या मते पहिल्या मार्गात संघटनेचा लाभ हा समाजाचा तोटा असतो. दुसऱ्या मार्गात मालकाला स्वस्त मजुराऐवजी कुशल माणूस आणि चांगले यंत्र शोधावे लागते, म्हणून समाजाचाही लाभ होतो. कापडगिरण्यांच्या युनियनांनी पहिला मार्ग सोडून दुसरा धरला होता. वकील, डॉक्टर अशा प्रतिष्ठित व्यवसायांचा मात्र पहिल्या मार्गाकडे ओढा होता. सुशिक्षितांच्या दृष्टीने हा निष्कर्ष थोडा लाजिरवाणा आहे, परंतु आकडे व दाखले त्याच्याच बाजूचे होते.

यानंतरची काही वर्षे गरिबांच्या कायद्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगात गेली. १९०९ मध्ये बीट्रिसबाईंनी आयोगाच्या बहुमताविरुद्ध दिलेला अल्पमताचा अहवाल कल्याणकारी राज्याच्या कल्पनेचे एक मूळ मानला जातो. ते प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

१९११-१२ मध्ये वेब दांपत्य पूर्वेच्या प्रवासाला निघाले. १९१२ च्या आरंभीचे काही महिने त्यांनी हिंदुस्थानात काढले, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या नेत्यांच्या गाठीभेटी घेतल्या आणि आर्य समाजाच्या शिक्षणसंस्थांत विशेष रस घेतला. लाला लजपतराय यांच्या आर्य समाजावरील १९१५ च्या इंग्रजी पुस्तकाला सिडने वेब यांनी प्रस्तावना लिहिली; तेच लालाजी १९२० मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. वेब दांपत्याने १८९५ मध्ये स्थापन केलेल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले, हे महाराष्ट्रीय वाचकांना ठाऊकच आहे.

मायदेशी परतल्यावर बीट्रिसबाईंनी उद्योगांचे नियंत्रण कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला. फेबियन संशोधन विभागात जमलेल्या तरुणांचे नेते जी. डी. एच. कोल हे गिल्ड समाजवादाचे पुरस्कर्ते होते. उद्योग ज्यांनी चालवायचे त्यांच्याच श्रेणींकडे त्यांची सत्ता असावी, असे त्यांचे प्रतिपादन. बीट्रिसबाईंना ते पटेना. मात्र वाद घालीत बसण्यापेक्षा जे व्यवसाय काही अंशी स्वतःचे नियंत्रण स्वतःच करीत आहेत, त्यांचा अनुभव तपासून पाहावा, असे त्यांनी ठरविले. त्यांनी आधी घेतला तो शिक्षकांचा व्यवसाय. १९१५ मध्ये ‘न्यू स्टेट्समन’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

इंग्लंडच्या प्राथमिक शिक्षकांची कहाणी आपल्याकडच्या शिक्षकाने आवर्जून वाचावी अशी आहे. १८६२ मध्ये तेथे सुधारित संहिता म्हणून ओळखली जाणारी नियमावली आली. शाळेला मिळणारे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर बांधले गेले. मुलाच्या हजेरीबद्दल चार शिलिंग; आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत तो उत्तीर्ण झाला तर आणखी आठ. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. शिक्षकाचा पगार बहुधा या अनुदानाशी निगडित असे. याचा परिणाम कोणालाही कळण्यासारखा होता. वर्षभर एकच पुस्तक घोकून घेतले जाई, तपासनीस येण्याच्या दिवशी आजारी मुलालाही शाळेत आणले जाई, आणि ज्या विषयाला शिलिंग नाही तो विषय शाळेतून हद्दपार होई. ही योजना काटकसरीची व कार्यक्षमतेची म्हणून पार्लमेंटात वाखाणली गेली होती.

१८७० मध्ये प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली, ती या पार्श्वभूमीवर. १८८९ मध्ये ती नॅशनल युनियन ऑफ टीचर्स झाली. तिच्या आरंभीच्या मागण्या पाहिल्या तर पगारवाढीपेक्षा इतरच गोष्टी डोळ्यांत भरतात. निकालावर पगार देण्याची पद्धत बंद करा, निवृत्तिवेतन द्या, मनमानी बडतर्फीपासून संरक्षण द्या, आणि अवांतर कामांची सक्ती काढून टाका. खेड्यातल्या शिक्षकाला चर्चमध्ये ऑर्गन वाजविणे, रविवारची धर्मशाळा चालविणे अशी कामे नोकरीची अट म्हणून करावी लागत. (आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामे देण्यास मनाई केली, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निकालावर पगार ही पद्धत मोडीत निघाली आणि १८९८ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. निव्वळ पगारासाठीही युनियन लढली. १९१४ मध्ये हेरफर्डशर परगण्यात वेतनश्रेणीच नाही म्हणून शिक्षकांनी सामुदायिक राजीनामे दिले, अनेक शाळा बंद पडल्या, आणि परगण्याच्या समितीला वेतनश्रेणी मान्य करावी लागली.

बीट्रिसबाईंनी या साऱ्याचा जो अर्थ लावला, तो लक्षपूर्वक समजून घेण्यासारखा आहे. निकालावर पगार ही वेतनपद्धती होती, परंतु तिने शिक्षणाचा आशयच बदलून टाकला. म्हणून तिच्याविरुद्धचा लढा वेतनाचा आणि शिक्षणाचा असा एकाच वेळी दुहेरी होता. बुद्धीच्या कामात कामाच्या अटी आणि कामाचा दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. वर्गात मुले किती, तपासनीसाचा अधिकार किती, नोकरी सुरक्षित की नाही, यांवर शिकविणे कसे होईल हे ठरते. आणि ते कोठे बिघडते हे प्रत्यक्ष शिकविणाऱ्याला सर्वांत आधी कळते. हे ज्ञान संघटितपणे समाजापुढे मांडणे, हे अशा युनियनचे एक प्रमुख प्रयोजन त्यांना दिसले. एकटा शिक्षक हे बोलला तर ती तक्रार ठरते, आणि बहुधा त्याच्यावरच उलटते.

तथापि त्यांनी शिक्षकांची भलावण केली नाही. प्राथमिक शिक्षकांची युनियन एकीकडे. दुय्यम शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका, सहशिक्षक आणि सहशिक्षिका यांच्या चार निरनिराळ्या संघटना दुसरीकडे. विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला प्राथमिक शिक्षकाच्या पंक्तीला बसायचे नव्हते. प्रशिक्षित शिक्षकाला अप्रशिक्षित नको होता, आणि पुरुषांना समान वेतन मागणाऱ्या स्त्रिया नको होत्या. शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार सांगणारा व्यवसाय आधी स्वतःच्या घरातच उच्चनीचतेच्या पायऱ्या चढत-उतरत होता. दर्जाची भाषा करता करता ही मंडळी जुन्याच संख्यामर्यादेच्या मार्गाने जातील, असे भय बीट्रिसबाईंना वाटत असे.

१९१७ मध्ये पतिपत्नींनी मिळून कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी आदी व्यवसायांच्या संघटनांवर दुसरा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. डॉक्टरांचे ताजे उदाहरण सर्वांपुढे होते. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांच्या वैद्यकीय उपचारांची सोय होताच ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बहिष्काराचे अस्त्र उगारले. त्याआधी कामगारांच्या परस्पर साहाय्यक मंडळ्या डॉक्टरांना तुटपुंज्या दराने राबवून घेत. ही त्यांची तक्रार रास्तच होती. परंतु दर वाढवून मिळताच गरीब वस्त्यांतल्या डॉक्टरांनी योजनेत नावे नोंदविली, आणि १९१३ च्या जानेवारीत बहिष्कार कोसळला. नेतृत्व शहरातील बड्या डॉक्टरांचे, आणि भार गल्लीतल्या डॉक्टरावर, अशी ती संघटना होती.

तंत्रज्ञांचा प्रकार याहून निराळा. स्थापत्य अभियंत्यांची इन्स्टिट्यूशन १८१८ पासून अस्तित्वात होती. तेथे निबंध वाचले जात, शास्त्राची प्रगती होई, सभासदत्वाला मान होता. परंतु कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसणाऱ्या पगारी ड्राफ्ट्समनच्या वेतनाविषयी बोलणे तिच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. १९१३ मध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांतील ड्राफ्ट्समनांनी स्वतःची संघटना काढली, ती त्यामुळेच. या संघटनेने वेतनाचा प्रश्न हाती घेतलाच, पण सभासदांसाठी तांत्रिक विषयांवरील पुस्तिकाही काढल्या. विद्वत्सभा आणि युनियन या दोन वस्तू एकत्र नांदू शकतात, याचे हे कारखान्यातले प्रत्यंतर होते. १९१८ मध्ये वैज्ञानिकांचीही युनियन स्थापन झाली.

या अभ्यासातून कोल यांना मिळालेले उत्तर थोडक्यात असे होते. आपले तंत्र विकसित करणे, सभासदांच्या वर्तनाचे नियम ठरविणे, नव्या माणसाला शिकविणे आणि कामाच्या अटींविषयी बोलणी करणे ही व्यावसायिकांच्या संघटनेची कामे आहेत, आणि ती तिच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. परंतु समाजाला कोणती सेवा हवी, किती हवी आणि कोणाला द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. तो नागरिकांचा आहे. सारी सत्ता व्यवसायाच्या हाती गेली की तो नव्या पद्धतींना विरोध करतो, शेजारच्या व्यवसायाला कमी लेखतो, आणि स्वतःचे हित हेच जनहित असे मानू लागतो. रोगोपचार कसा करावा हे डॉक्टरांनी सांगावे. दवाखाना कोणत्या वस्तीत असावा हे त्या वस्तीने. सीमारेषा इतकी सोपी क्वचितच असते, हे खरे. अभ्यासक्रम, तपासणी, बदल्या अशा प्रश्नांत ती नेमकी कोठे ओढायची, यावर शिक्षक आणि सरकार यांचे भांडण अजून संपलेले नाही.

१९१८ मध्ये मजूर पक्षाची नवी घटना तयार झाली. तिच्या मसुद्यावर सिडने वेब यांचा हात होता, आणि तिच्या चौथ्या कलमात हाताने श्रम करणाऱ्यांच्या जोडीला बुद्धीने श्रम करणारेही कामगार म्हणून नोंदले गेले. ते कलम १९९५ मध्ये बदलण्यात आले. तोवर कारकून आणि शिक्षक यांचे त्या पक्षातील स्थान त्या शब्दांवर उभे होते. १९२० मध्ये युनियन चळवळीच्या इतिहासाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा लेखकांनी आपली मूळची व्याख्याही दुरुस्त केली. १८९४ मध्ये युनियनचा हेतू नोकरीच्या अटी राखणे व सुधारणे हा सांगितला होता. आता नोकरीच्या जागी कामगारांचे एकूण कामकाजी जीवन आले. भांडवलशाही कायमचीच राहणार असे आपण गृहीत धरले, असा आक्षेप पहिल्या व्याख्येवर आला होता, म्हणून हा फेरफार. परंतु मधल्या काळात शिक्षकांच्या व तंत्रज्ञांच्या संघटनांचा जो अभ्यास झाला, त्याच्याशीही ही व्यापक व्याख्या अधिक जुळते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

स्त्रियांच्या प्रश्नावर बीट्रिसबाईंचा प्रवास असाच दुरुस्त्यांचा आहे. १८८९ मध्ये स्त्रियांना मताधिकार नको अशा पत्रकावर त्यांनी सही केली होती. पुढे ती चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली. महायुद्धाच्या अखेरच्या काळात उद्योगांतील स्त्रियांविषयी नेमलेल्या सरकारी समितीत त्या एकट्या पडल्या, आणि १९१९ मध्ये त्यांनी पुन्हा अल्पमताचा अहवाल लिहिला. पुरुषाचा दर आणि स्त्रीचा दर असे दोन दर असूच नयेत, कामाला एकच दर असावा, हे त्याचे सार. शिक्षकांच्या युनियनमध्ये तोच प्रश्न पेटला होता. समान वेतनासाठी पुरेसे झगडत नाही म्हणून स्त्री शिक्षकांची एक संघटना १९२० मध्ये बाहेर पडली; समान वेतन नकोच म्हणून पुरुष शिक्षकांची दुसरी संघटना १९२२ मध्ये फुटली. इंग्लंडमधील शिक्षिकांना समान वेतन मान्य झाले ते १९५५ मध्ये, आणि टप्प्याटप्प्याने ते पूर्ण मिळावयास १९६१ उजाडले.

कामगार कोण, या प्रश्नाने आपल्याकडेही एक चमत्कारिक वळण घेतले. १९२६ च्या कायद्यानुसार युनियन नोंदविता येत असे. परंतु बडतर्फीविरुद्ध दाद मागायची तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत बसावे लागे. शिक्षणसंस्था हा उद्योग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मानले. दहा वर्षांनी, गोव्यातील एका शाळेच्या बडतर्फ शिक्षिकेच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने शिक्षिका ही त्या कायद्यानुसार कामगार नाही असा निर्णय दिला. कारण अध्यापन हे अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी वा देखरेखीचे काम नव्हे. म्हणजे शाळा उद्योग, शाळेचा कारकून कामगार, आणि शिकविणारी बाई तेवढी कामगार नव्हे! शिक्षकांना स्वतंत्र संरक्षण देण्याची सूचना न्यायालयाने सरकारला केली, हेही नमूद केले पाहिजे. अध्यापन हे पवित्र कार्य आहे या गौरवाची किंमत केव्हा केव्हा गौरव झालेल्यालाच मोजावी लागते.

बीट्रिसबाईंच्या उत्तरायुष्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२९ मध्ये सिडने वेब वसाहतमंत्री झाले आणि त्यांना लॉर्ड पॅसफील्ड हा किताब मिळाला. पत्नीने मात्र लेडी म्हणवून घेण्यास नकार दिला. १९३१ च्या आर्थिक अरिष्टाने मजूर सरकार कोलमडले, आणि हप्त्याहप्त्याने येणाऱ्या समाजवादावरील दोघांची श्रद्धा डळमळली. १९३२ मध्ये ते सोव्हिएत रशियाला गेले. १९३५ च्या त्यांच्या दोन खंडी ग्रंथाच्या नावात सोव्हिएत साम्यवाद ही नवी संस्कृती आहे काय, असे प्रश्नचिन्ह होते. १९३७ च्या आवृत्तीत ते गळाले. हा स्टॅलिनच्या खटल्यांचा आणि मृत्युदंडांचा काळ होता. युक्रेनमधल्या दुष्काळात लक्षावधी माणसे नुकतीच मेली होती, आणि या ग्रंथाने त्याकडे डोळेझाक केली. अधिक दुःखाची गोष्ट अशी की, ज्यांनी युनियनच्या स्वतंत्र अस्तित्वाचा इतिहास लिहिला, त्यांनीच राज्यसत्तेच्या हुकमतीखाली उत्पादन वाढविण्यासाठी राबणाऱ्या सोव्हिएत युनियनांची वाखाणणी केली. त्यांचाच ग्रंथ हद्दपारीत भाषांतरित करणाऱ्या माणसाने स्थापन केलेल्या राज्यात मालकाशी बोलणी करणारी संघटना उरली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी पूर्व लंडनच्या शिवणखोलीत जाऊन बसलेली बाई मॉस्कोत सरकारी पाहुणी होती, हे एक कारण असावे. शिवाय तज्ज्ञांवरील त्यांचा विश्वास पहिल्यापासूनच थोडा अधिक होता. डॉक्टर-वकिलांच्या बाबतीत त्यांनी नागरिकांच्या अधिकाराची जी मर्यादा आग्रहाने घातली, ती राज्य चालविणाऱ्या तज्ज्ञांना घालावयाचे त्यांना सुचले नाही.

३० एप्रिल १९४३ रोजी हॅम्पशरमधील पॅसफील्ड कॉर्नर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात साडेचार वर्षांनी सिडने वेब गेले, आणि १९४७ च्या डिसेंबरात दोघांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरण्यात आल्या. पंधराव्या वर्षापासून अखेरपर्यंत लिहिलेली बीट्रिसबाईंची दैनंदिनी आणि गावोगावच्या युनियनांच्या दप्तरांतून गोळा केलेले ते सुटे कागद त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

१९१५ च्या अहवालात त्यांनी ज्या फाटाफुटीवर बोट ठेवले होते, ती मिटण्यास मात्र शतक लागले. समान वेतनाला विरोध म्हणून जन्मलेली पुरुष शिक्षकांची संघटना १९७६ मध्ये शिक्षिकांच्या एका संघटनेत मिसळली. दुय्यम शाळांचे सहशिक्षक आणि सहशिक्षिका यांच्या दोन संघटना १९७८ मध्ये एक झाल्या. त्यांची वारस असलेली संघटना आणि १८७० मध्ये स्थापन झालेली नॅशनल युनियन ऑफ टीचर्स यांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन नॅशनल एज्युकेशन युनियन स्थापन केली. पदवीधर शिक्षकांच्या त्या संघटनेचे नाव तोवर असोसिएशन असे होते.